आतली बाजू

१

तुदोसेची सकाळ ठरलेली असे. आधी शेगडी पेटवायची, सरसाचं भांडं गरम पाण्यात बसवायचं, पटाशीला दगडावर धार लावायची. मग भिंतीवर टांगलेल्या मोठ्या रंध्याकडे एक नजर टाकायची आणि आपला छोटा रंधा हातात घ्यायचा.

मोठा रंधा सासऱ्यांचा, इलारिये मेस्त्रींचा. हाताएवढा लांब, काळपट पिवळा, अंगठ्याच्या जागी मऊ खळगा पडलेला. ओल्त नदीच्या त्या खोऱ्यात मेस्त्रींनी केलेली दारं, पाळणे आणि शवपेट्या अजून नांदत होत्या, आणि कुठल्याही कामाला उलट्या बाजूनं हात लावला तरी लाकूड गालासारखं गुळगुळीत लागायचं. तुदोसे हा त्यांचा शागीर्द आणि घरजावई, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारा. तो कपाटाच्या आतल्या फळ्या तशाच ठेवायचा आणि म्हणायचा, ‘‘आतून कोण बघतंय?’’ मेस्त्री संध्याकाळी गुपचूप त्या फळ्या काढून स्वतः रंधायचे.

मेस्त्रींना जाऊन सात वर्षं होत आली होती. सातव्या वर्षी, पानगळीतल्या मृतांच्या शनिवारी, तिथे कबर उघडतात. हाडं वाइननं धुतात, छोट्या पेटीत ठेवतात आणि परत मातीत देतात. हाडं स्वच्छ निघाली, हात छातीवर जिथे ठेवले होते तिथेच असले, म्हणजे माणूस शांत झाला. नाही तर पाद्रीबाबांना मयताच्या प्रार्थना पुन्हा वाचाव्या लागतात आणि बायका चार महिने त्या घराकडे बघत कुजबुजतात. मेस्त्रींच्या लेकीला, वेताला, त्या शनिवाराचा घोर लागला होता.

‘‘बाबांची पेटी बाबांच्याच रंध्यानं करा,’’ ती नवऱ्याला म्हणाली होती. ‘‘दुसरं काही मागत नाही मी तुमच्याजवळ.’’

म्हणून तुदोसेनं रंधा खाली काढला. मूठ मेस्त्रींच्या हाताची झालेली, दुसऱ्याचा हात तिला कधी मानवलाच नाही. रंधा त्याच्या हातातून सुटला आणि दगडी फरशीवर तोंडघशी पडला.

२

दिंका लोहार धार लावलेली पाती द्यायला आला होता. त्यानं रंधा उजेडात धरून पाहिला. रंध्याच्या तोंडापासून तळाच्या कडेपर्यंत तडा गेला होता, नख शिरेल एवढा, आणि तोंडाचा एक कोपरा निखळला होता.

‘‘हा गेला,’’ दिंका म्हणाला. ‘‘पातं मला दे, झकास सुरी करून देतो. लाकूड शेगडीत घाल आणि वर त्सुइकाची दारू गरम कर. सासऱ्याच्या जिवावर एकदा तरी गरम होशील.’’

‘‘वेतानं ऐकलं तर तुलाच शेगडीत घालेल.’’

‘‘अरे, मग तालुक्याला यंत्रावर ने फळी. एका झटक्यात आरसा करून देतात. दुरुस्तीत आठवडा घालवशील आणि शनिवारी रंधाही नाही, पेटीही नाही.’’

दिंकाचं म्हणणं खोटं नव्हतं. तडा तळातून गेला की रंधा सरळ चालत नाही, हे कुणीही सांगेल. तुदोसेनं मनाशी ठरवलंही, की पातं दिंकाला द्यायचं आणि मोकळं व्हायचं. त्यासाठी त्यानं पाचरीवर मोगरीनं टोला दिला. पाचर सात वर्षांनी सैल झाली, पातं बाहेर आलं, आणि रंध्याचं पोट त्याला पहिल्यांदाच नीट दिसलं.

आत, जिथे लाकडाच्या छिलक्याशिवाय काही जात नाही, तिथेही मेस्त्रींनी लाकूड घासून, तेल पाजून, कोपरा न् कोपरा साफ केला होता. पातं जिथे टेकतं ती उतरण इतकी सपाट होती की तुदोसेनं त्यावर बोट फिरवलं आणि पुन्हा फिरवलं. हा माणूस अंधारासाठीसुद्धा मेहनत करत होता. तुदोसेला त्याचा हेवा वाटायचा, राग यायचा, पण त्या क्षणी नुसता अभिमान वाटला.

‘‘नाही जाळत,’’ तो म्हणाला.

‘‘पडलाच आहे तर पडत्या फळाची आज्ञा समज,’’ दिंका म्हणाला. ‘‘पण तू कसला ऐकतोस.’’ आणि तो गेला.

तो गेल्यावर तुदोसेला दिसलं, की पोटाच्या सांदीत एक छिलका अडकला आहे. बोटाएवढा, पिवळाधमक. त्यानं तो चिमटीत धरून काढला. फर झाडाच्या लाकडाचा होता आणि राळेचा वास येत होता, आताच निघाल्यासारखा.

मग त्याच्या ध्यानात आलं. या रंध्यानं शेवटचं काम झालं होतं ते मेस्त्रींच्या स्वतःच्या शवपेटीचं. फरची पेटी, तुदोसेनंच केलेली, एका दिवसात, घाईघाईत. पेटीचा प्रत्येक छिलका वेचून मेलेल्या माणसाच्या उशीत भरायचा, एकही मागे ठेवायचा नाही, हे तिथलं लेकरूही जाणतं. मागे राहिलेला छिलका म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. गावातल्या मयतांचं करणारी स्ताना मावशी तेव्हा झाडू घेऊन उभी होती. तिनं विचारलं होतं, ‘‘झालं सगळं?’’ आणि तुदोसे म्हणाला होता, ‘‘झालं.’’

रंध्याच्या पोटात बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

३

दुरुस्ती त्यानं जीव ओतून केली. तड्यात कोमट सरस भरला, रंधा दोरीनं आवळून ठेवला, मग दोन्ही बाजूंना धरून राहील अशी हॉर्नबीमच्या चिवट लाकडाची फुली तळात बसवली. तोंडाचा कोपरा नव्या तुकड्यानं भरला. शेवटी तळ काचेवर घासला आणि पट्टी लावून उजेडात पाहिला. पट्टीखालून उजेडाची रेघही येत नव्हती.

पेटीसाठी अक्रोडाची फळी काढलेली होती, नुकतीच करवतलेली, अंगावर करवतीचे आडवे ओरखडे. तुदोसेनं ती बाकड्यावर आवळली, पातं अगदी थोडं बाहेर ठेवलं, आणि मूठ धरली. या वेळी मूठ हातात बसली. त्याला बरं वाटलं. मग वाटलं, मूठ कशी बदलेल, तिला तर आपण हातही लावला नव्हता.

पहिलाच हात मारला आणि छिलका असा वर आला की तो कौतुकानं हसला. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. असा छिलका त्यानं आयुष्यात काढला नव्हता. त्यानं दुसरा काढला, तिसरा काढला, आणि मग मोजायचं सोडून दिलं. रंधा आपणहून पुढे ओढत होता.

वेता जेवायला बोलवायला आली आणि दारातच थांबली.

‘‘फरचं काम घेतलंत होय? मला वाटलं पेटी अक्रोडाची करताय.’’

‘‘अक्रोडाचीच आहे.’’

‘‘मग हा वास कसला? बाबांच्या पेटीच्या दिवशी अस्साच होता.’’ तिनं टोपलीतला छिलका नाकाशी धरला. ‘‘किती सुंदर निघालेत हो. नव्या उशीत हेच भरते. टाकू नका एकही.’’

ती गेल्यावर तुदोसेनं टोपलीत हात घातला. छिलके पिवळे होते. अक्रोड तपकिरी असतो, कडेला फिकटही असतो, हे त्यानं स्वतःला समजावलं. कडेचं लाकूड असेल. मग एका छिलक्यात त्याला भोक दिसलं. गाठीची जागा, वाटोळी, भोवती लालसर कडं.

त्याच्या फळीला गाठ नव्हती. त्यानं फळी पालथी केली, उलटी केली. कुठेही गाठ नव्हती, आणि करवतीचे ओरखडे पहिल्यासारखेच होते, एकही कमी झाला नव्हता.

टोपली मात्र काठोकाठ भरली होती.

४

रात्रभर त्यानं स्वतःची समजूत घातली. दोन फळ्यांची अदलाबदल झाली असेल. वय झालं, नजर कमी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन येत असताना, त्यानं फळीवर पेन्सिलीनं आडव्यातिडव्या रेघोट्या मारल्या. पातं लागलं की रेघोट्या जाणार, यात शंकेला जागाच नव्हती.

त्यानं रंधा चालवला. सर्र आवाज झाला, छिलका वर आला, पिवळा, अखंड. रंधा उचलून पाहिलं, तर पेन्सिलीची रेघ पुसटसुद्धा झाली नव्हती.

तुदोसे स्टुलावर बसला. मग उठला आणि पुन्हा रंधा धरला. भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून खरं असं, की त्याला पुढचा छिलका बघायचा होता. प्रत्येक छिलका आधीच्यापेक्षा सरस निघत होता. इतकं निर्मळ काम आपल्या हातून होतंय, निदान आपल्या हातांमधून होतंय, याची त्याला चटक लागली होती.

रंधा पुढे जाताना कापतो, मागे येताना गप्प असतो. हे सुताराच्या कानात मुरलेलं असतं, त्यामुळे चूक त्याच्या आधी त्याच्या कानाला कळली. पुढे जाताना सर्र. मागे येताना, जरा उशिरानं, पुन्हा सर्र. त्याला वाटलं, तडा घासतोय. त्यानं रंधा फळीवरून उचलून हातात धरला आणि श्वास रोखून उभा राहिला.

सर्र.

आवाज बाकड्यातून येत नव्हता. पायाखालच्या फरशीतून येत होता, आणि तो हात तुदोसेला ओळखीचा होता. सुरुवातीला सावकाश, मधे दाबून, शेवटी अलगद सोडून दिलेला. सबंध खोऱ्यात असा हात एकाच माणसाचा होता. शेजारच्या बाकड्यावर बारा-पंधरा वर्षं त्यानं तो ऐकला होता, आणि आपल्या हाताला तो कधी का जमला नाही म्हणून जळला होता.

आवाज थांबला. समोरचा माणूस आपल्या हाताची वाट बघत थांबतो, तसा थांबला.

तुदोसेनं रंधा खाली ठेवला. टोपलीतून भोक पडलेले सगळे छिलके निवडले आणि एकावर एक रचले. भोकं तंतोतंत जुळली. आता त्याला गाठ आठवली. मेस्त्रींच्या पेटीच्या झाकणावर, छातीच्या जरा वर, एक गाठ होती. फळी बदलायला वेळ नव्हता म्हणून त्यानं तशीच वापरली होती. झाकणाची वरची बाजू त्यानं छान रंधली होती, लोक बघणार म्हणून. आतली बाजू तशीच करवतलेली ठेवली होती.

आतून कोण बघतंय, असं त्या दिवशीही तो म्हणाला होता.

५

झाकण बोटभर जाडीचं होतं. टोपलीत किती जाडी साठली होती याचा हिशेब तुदोसेनं केला नाही. करायचं धाडस झालं नाही. एवढं त्याला कळत होतं, की अजून थोडे हात मारले तर झाकण आरपार होईल आणि वरची माती आत कोसळेल. शनिवारी वेताला तिच्या बाबांच्या जागी चिखलात कालवलेली हाडं दिसतील.

त्यानं शेगडीचं दार उघडलं, रंधा उचलला आणि आगीसमोर धरला. लाकूड तापून त्याला तेलाचा वास सुटला. अंगठ्याचा खळगा आगीच्या उजेडात चमकत होता. दिंका म्हणाला तेच खरं होतं, पडला तेव्हाच जाळायला हवा होता. पण जाळला तर काम अर्धं राहणार. सात वर्षं अंधारात खरबरीत फळीखाली पडून राहिलेल्या त्या माणसाचं काम, ज्याला असलं काम डोळ्यांना नव्हे, बोटांना खुपायचं.

शेगडीचं दार त्यानं लावून घेतलं. ना जाळायचं, ना चालवायचं. पेटीची बाहेरची बाजू त्यानं आपल्या छोट्या रंध्यानं पूर्ण केली. आतली बाजू रंधायला घेताना फरशीतला तो आवाज आठवला आणि त्यानं रंधा खाली ठेवला. तशीच ठेवली.

संध्याकाळी स्ताना मावशी कोलिव्यासाठी, मयताच्या नावानं वाटायच्या गोड शिजवलेल्या गव्हासाठी, गहू निवडायला आली. म्हातारी जिभेनं तिखट.

‘‘जावईबापू, चेहरा का उतरलाय? सासरा परत येऊन हजेरी घेणार म्हणून?’’

‘‘मावशी, कबरीकडे गेली होतीस?’’

‘‘गेले होते की. माती जरा खचलीये. पावसानं असेल.’’ तिनं गव्हातला खडा काढून टाकला. ‘‘तीन आठवडे पाऊस नाही म्हणा.’’

वेता उशी शिवत होती. तिनं मान वर केली नाही, पण सुई थांबली.

‘‘हात छातीवर असू देत एवढंच,’’ ती म्हणाली. ‘‘बाकी मला काही नको.’’

६

शनिवारी सकाळी धुकं वर जात असताना कबर खणली. तुदोसेच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेला रंधा होता. तो का आणला हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. दिंका खणायला होता. फावडं लाकडाला लागलं तेव्हा नेहमीसारखा ठक्क आवाज झाला नाही, ताणलेल्या कातड्यावर बोट वाजवावं तसा झाला. दिंकानं वर पाहिलं आणि फावडं टाकून हातांनी माती सारायला लागला.

झाकण दोघांनी मिळून वर घेतलं. ते सबंध आलं, कुठेही न मोडता, आणि त्याला वजनच नव्हतं. दिंकानं ते उभं धरलं मात्र, धुक्यातून आलेलं ऊन त्यातून आरपार गेलं. सगळं झाकण पिवळं उजळलं. लाकडाची एकेक रेघ दिसत होती, आणि छातीच्या वर गाठीची जागा होती, तिथून तर नुसताच प्रकाश येत होता. एवढ्या पातळ फळीनं वरची सगळी माती तोललेली होती.

 पाद्रीबाबा म्हणाले, ‘‘ओलीनं लाकूड झिजतं.’’ त्यांनाही ते पटलं नसावं, कारण त्यांनी हात पुढे करून झाकणाची आतली बाजू चाचपली, आणि हात तसाच ठेवला.

‘‘अशी फळी मी जन्मात पाहिली नाही,’’ दिंका हळू आवाजात म्हणाला. ‘‘तुदोसे, ही तू केलीस?’’

‘‘नाही,’’ तुदोसे म्हणाला.

मग वेतानं खाली पाहिलं. हाडं स्वच्छ होती, मेणासारखी पिवळी. पण हात छातीवर नव्हते. दोन्ही हात वर उचललेले, कोपरं पेटीच्या कडांना टेकलेली, एक मूठ पुढे आणि एक तिच्यामागे. मधे रंधा मावेल एवढी जागा. उजवा अंगठा वाकलेला होता.

तुदोसेनं एवढं पाहिलं आणि नजर काढून घेतली. जास्त बघवलं नाही त्याला.

बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. वेताचा चेहरा पांढरा पडला. ‘‘बाबा शांत नाहीत,’’ ती म्हणाली, कुणाला उद्देशून नव्हे.

तुदोसे गुडघ्यांवर बसला. त्यानं गोणपाट सोडलं. रंधा उन्हात आला, तळातली हॉर्नबीमची फुली, नवा कोपरा, जुना खळगा. त्याला तो द्यावासा वाटत नव्हता. आयुष्यभर ज्या छिलक्यासाठी तो झुरला होता, तो याच रंध्यातून निघाला होता. तरी त्यानं तो अक्रोडाच्या पेटीत उशीशेजारी ठेवला. स्ताना मावशीनं हाडांवर वाइन ओतली आणि हातांची हाडं उचलून रंध्याच्या मुठीजवळ मांडली. ती तिथे बरोबर बसली.

‘‘कसली कुजबूज लावलीये?’’ ती बायकांवर कडाडली. ‘‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मेस्त्री होता तो. रिकामे हात छातीवर ठेवून पडून राहील होय?’’

कुजबूज थांबली. वेता आधी रडली, मग रडता रडता हसली. पेटी मातीत गेली. तिची आतली बाजू किती खरबरीत आहे हे तुदोसेशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

७

घरी कोलिवा खाऊन झाला, ग्लासातला पहिला थेंब मेस्त्रींसाठी जमिनीवर सांडून झाला. पाहुणे पांगल्यावर वेता म्हणाली, ‘‘आता बाबा निवांत झाले ना हो?’’

‘‘निवांत?’’ तुदोसे म्हणाला. ‘‘त्यांना निवांत कधी बघितलंस तू?’’

ती हसली. किती दिवसांनी हसली होती. तिला बरी झोप लागली त्या रात्री.

सकाळी तुदोसेनं शेगडी पेटवली, सरसाचं भांडं बसवलं, पटाशीला धार लावली. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे एक नजर टाकली आणि छोट्या रंध्याकडे वळला. बाकडं काल त्यानं स्वतः झाडून ठेवलं होतं. आता त्यावर एक छिलका पडला होता.

तपकिरी, अक्रोडाचा. एका बाजूला करवतीच्या ओरखड्यांची बारीक झालर होती, पहिल्या हाताच्या छिलक्याला असते तशी. पेटीच्या लांबीचा, कुठेही न तुटलेला.

तुदोसेनं तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिला. भीती वाटत होती आणि तरी मनात आलं, काय हात आहे या माणसाचा.

मग तो घरात गेला आणि वेताला न विचारता एक रिकामा अभ्रा घेऊन आला. छिलका त्यात ठेवला आणि अभ्रा खिळ्याला टांगला. अजून बरेच यायचे होते, म्हणून त्याचं तोंड त्यानं उघडंच ठेवलं.